विहीर भावाची, पाणी डोहाचं

मे महिना, साक्री तालुका. एकाच वाटणीतल्या दोन विहिरी, मध्ये जेमतेम साठ पावलं. थोरल्याच्या विहिरीत दोन परस पाणी, धाकट्याच्या तळाला डबकं. "दादाची मोटर चालते म्हणून माझी आटते, मॅडम." धाकट्याने आमच्या भूजल कार्यालयाकडे केलेल्या अर्जातही हेच लिहिलं होतं; तेच तपासायला मी आले होते.

मी आधी जमीन बघितली. दोन विहिरींच्या मधून काळ्या, टणक दगडांची सरळ रेघ निघून नाला ओलांडत समोरच्या टेकडीवर चढली होती. हा डाइक. धुळे-नंदुरबारकडे असे पुष्कळ आहेत. लाव्ह्याच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगांत तप्त रस शिरला आणि थिजला. जमिनीखाली भिंतच उभी राहिली. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (बारीक पोकळ्यांच्या मऊ खडकात) आणि खडकाच्या सांध्याफटींत. तिथून ते उताराने नाल्याकडे सरकतं आणि वाटेत अभंग डाइक आला की तुंबतं. डाइक भेगाळलेला असेल तर मात्र उलटंच, तोच पाणी वाहून नेतो. त्यामुळे नुसतं बघून निकाल देण्यात अर्थ नसतो.

सकाळी थोरल्याची मोटर सुरू केली. दोन्ही विहिरींची पातळी टेपने घेत राहिलो. डाइकच्या वरच्या अंगाला, थोरल्याच्या विहिरीला लागूनच, नाल्यात एक डोह होता. त्यात खुणा केलेली काठी रोवली आणि काठावर पाण्याने भरलेलं घमेलं ठेवलं, ऊन किती पितं ते कळावं म्हणून.

दुपार कलेपर्यंत थोरल्याचं पाणी तीन मीटर उतरलं. धाकट्याचं डबकं होतं तिथंच. घमेल्यातलं पाणी नखभर कमी झालं होतं, डोह मात्र चार बोटं.

"बघा! मी कुणाचं चोरत नाही," थोरला म्हणाला.

"मग आमच्या गुरांचं पाणी तुमच्या कापसाला चाललंय होय?" गुरं पाजायला आलेल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं.

बाबांचं बरोबर होतं. मे महिन्यात नाल्यात दिसतं ते बहुतेक झिरपून आलेलं भूजलच. डाइकमागे पाणी तुंबतं, त्याची पातळी नाल्याच्या तळापर्यंत चढते, म्हणून तिथे डोह. शेजारची विहीर उपसली की डोहाकडे येणारं पाणी विहिरीकडे वळतं. कागदोपत्री मात्र विहीर एका खात्याची, नाला दुसऱ्याचा. माझ्या छापील तक्त्यात डोहाला रकानाच नव्हता.

धाकटा म्हणाला, "मग सुरुंग लावा ना त्या भिंतीला."

"भिंत आहे म्हणून उन्हाळ्यात इथे पाणी आहे, भाऊ. ती फोडली तर दिवाळीनंतर तिघांचंही वाहून जाईल."

अहवालात तक्रार फेटाळली, सुरुंगाला नकार लिहिला. तक्त्याच्या पाठीमागे हाताने लिहिलं: पाऊस लागेपर्यंत मोटर दिवसाआड, फक्त चार तास. थोरल्याने सही केली नाही. बाबांची सही कुणी मागितली नव्हती, त्यांनी केली.