सिंथ लीड गिटारवर: पॅच नंतर, आधी उजवा पाय

ऑर्केस्ट्रात वाजवणारे गिटारिस्ट मला बरेचदा विचारतात, "प्रोसेसरमध्ये सिंथचा पॅच आहे, आवाजही ओळखीचा येतो, पण पीस वाजवला की त्यात जीव वाटत नाही. कुठला पॅच टाकू?" ऐंशीच्या दशकातली गाणी कार्यक्रमात असली की हा प्रश्न हमखास येतो. (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, प्रोसेसर म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं पायाशी ठेवायचं मशीन, पॅच म्हणजे त्यात साठवलेलं आवाजाचं सेटिंग आणि पीस म्हणजे गाण्यातला वाद्यांचा तुकडा.) त्या गाण्यांच्या म्युझिक पीसमध्ये सिंथ आहेच, आणि कीबोर्डवाल्याचे दोन्ही हात स्ट्रिंग्ज आणि ब्रासमध्ये अडकलेले असतात. मग लीड, म्हणजे मुख्य सुरावट, आपल्याकडे येतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे: पॅच शोधणं थांबवा. नोट सुरू कशी होते, टिकलेली असताना तिचा रंग कसा पालटतो आणि ती पुढच्या सुरावर कशी जाते, सिंथ लीडचा जीव या तीन गोष्टींत असतो. वेव्हफॉर्म, म्हणजे लहरीचा आकार, सॉटूथ की स्क्वेअर, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि त्या तीनही गोष्टी गिटारिस्टच्या हातापायात आहेत, मशीनच्या मेमरीत नाहीत.

मी बॉस कंपनीचा जीटी-१० हा प्रोसेसर वापरतो. २००८ सालचं मशीन आहे, आता जुनं म्हणतात, पण त्याच्या गिटार सिंथ ब्लॉकमध्ये एक फार महत्त्वाचा फरक करून ठेवलेला आहे आणि तो समजला की दुसऱ्या कुठल्याही प्रोसेसरवर काम करता येतं. त्यात चार वेव्ह आहेत: स्क्वेअर, सॉ (म्हणजेच सॉटूथ), ब्रास आणि बो. पहिल्या दोन निवडल्या की मशीन तुमचा सूर ओळखतं आणि स्वतःच्या ऑसिलेटरमधून (लहर निर्माण करणाऱ्या भागातून) नवा आवाज काढतं. ब्रास आणि बो मात्र तुमच्या तारेचा सिग्नलच घेऊन त्याला कोरतात. हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत आणि दोन्हींसाठी वाजवण्याची पद्धतही वेगळी लागते.

सूर ओळखायचा तर मशीनला तारेची एक-दोन आवर्तनं तरी बघावी लागतात. खुली सहावी तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. दोन बघायची तर २४ गेले. ढोलकी आणि ऑक्टोपॅड चालू असताना एवढा उशीर कानाला लागतो, पीस मागे ओढल्यासारखा वाटतो. आता पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटला या: तिथे ६५९ हर्ट्झ, आवर्तन दीड मिलिसेकंदाचं. म्हणून माझा नियम असा की पीस मंद्र सप्तकातला असला तरी हातानं तो एक सप्तक वर वाजवायचा आणि सिंथ ब्लॉकमधला ऑक्टेव्ह शिफ्ट उणे एकवर ठेवायचा. आवाज भरदार, खालचा येतो आणि प्रतिसाद वरच्या तारांचा मिळतो. एवढ्या एका गोष्टीनं निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी तक्रार असते सूर मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतो ही. मशीन गोंधळतं कारण त्याला मूळ स्वरापेक्षा हार्मोनिक्स आणि पिकचा कट्ट आवाज जास्त ऐकू येतो. नेक पिकअप घ्या, गिटारचा टोन दोन-तीनवर आणा आणि पिक ब्रिजजवळ न मारता फ्रेटबोर्ड संपतो तिथे मारा. कानाला तो आवाज भुसभुशीत लागतो, पण मशीनला असाच हवा असतो. चमक पुढे ऑसिलेटर देणारच आहे. शेजारच्या तारा गुणगुणत राहिल्या तर सगळं फसतं. डाव्या हाताची तर्जनी आणि उजव्या तळहाताची कड दोन्ही कामाला लावायची. मी नटजवळ तारांभोवती केसांची जाड स्क्रंची गुंडाळतो, खुल्या तारा गप्प राहतात. सिंथच्या आधी कंप्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारा इफेक्ट) ठेवला की नोट सपाट टिकते, आणि ती विझायला लागली की मशीन गुरगुरायच्या आत बोट उचलायचं. नोट कुठे संपवायची हेही आपणच ठरवायचं, तारेवर सोडायचं नाही.

सेटिंगमध्ये क्रोमॅटिक नावाचं एक बटण आहे. ते चालू असलं की सूर अर्ध्या-अर्ध्या स्वरानंच सरकतो, पायऱ्या पडतात. ते बंद म्हणजे बंदच ठेवा. आपल्याकडच्या पीसमध्ये मींड नाही असा पीस विरळाच, आणि मींडच गेली तर गिटारवर सिंथ वाजवायचा कशाला?

इथे थोडं मागे जाऊ. मिनिमूग हा कीबोर्ड सिंथ १९७० साली आला तेव्हा त्याच्या डाव्या अंगाला दोन चाकं होती, एक सूर वाकवायला आणि एक मॉड्युलेशनला. यान हॅमरसारख्या कीबोर्डवादकानं त्या चाकावर इतकी मेहनत घेतली की त्याचं लीड गिटारसारखं ऐकू येतं. म्हणजे कीबोर्डवाले गिटारची तार ओढण्याची नजाकत चाकातून मिळवायला धडपडत होते. उलट बाजूनं रोलंड कंपनीनं १९७७ मध्ये जीआर-५०० हा गिटार सिंथ काढला, १९८० मध्ये जीआर-३०० आला, आणि जाझ गिटारिस्ट पॅट मेथेनीनं तो असा वाजवला की आजही त्याचा आवाज दोन सुरांत ओळखता येतो. आणि मुंबईत चरणजित सिंग, सिनेसंगीतात गिटार आणि बेस वाजवणारा माणूस, १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलंडची सिंथ आणि ताल-मशीन घेऊन रागांकडे वळला. या लोकांचं ऐकताना मला पटत गेलं की सिंथ लीड हे मुळात वाकणाऱ्या सुराचं वाद्य आहे. वाकणारा सूर तर आपल्या बोटांत आधीपासून आहे!

आता प्रत्यक्ष एक जागा घेऊ. गायकाची पट्टी पांढरी सहा धरा, म्हणजे सा ए स्वरावर. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला कोमल नी येतो, तिथून तार दोन पडदे (फ्रेट) ओढली की सा. एक्सप्रेशन पेडल (पायानं मागेपुढे करायचं) मी सिंथच्या कटऑफला, म्हणजे फिल्टर किती उघडायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगला, जोडलेलं आहे. टाच खाली असताना किमान, पंजा खाली असताना कमाल. किमान शून्यावर ठेवायचं नाही, आवाजच बुजतो. पंचवीसच्या आसपास ठेवतो. कमालही सत्तर-पंच्याहत्तरच्या वर नेत नाही, तिथे सॉटूथ कानाला टोचायला लागतो. रेझोनन्स, म्हणजे कटऑफपाशी येणारा उठाव, मध्यावर.

टाच खाली ठेवून कोमल नी छेडायचा. सूर अंधारात, मिटल्या तोंडानं गायल्यासारखा सुरू होतो. मग एका मात्रेत तार ओढत सा गाठायचा आणि त्याच मात्रेत पाय हळूहळू पुढे. फिल्टर उघडताना "ऊ"चा "ओ" होतो, "ओ"चा "आ" होतो, अगदी गळ्यातून आल्यासारखा. पाय हाताच्या किंचित मागे हवा. दोघं एकदम पोचले तर तो नुसता वाह-वाह होतो. हात आधी आणि पाय मागून आला की सूर लागल्यावर फुलतो.

सा वर पोचलात की लगेच हलवू नका. गिटारिस्टला ही सवय सोडणं जड जातं, नोट लागली की बोट थरथरतंच. सिंथवाला आधी सरळ नोट धरतो आणि मग चाक फिरवतो. एक मात्रा सूर स्थिर ठेवा, मग संथ, रुंद आंदोलन सुरू करा. ओढलेल्या तारेवर आंदोलन घेताना सूर सा च्या खालीच झुकतो, कारण आपण तार सैल करून परत ओढतो. चाकावरचं आंदोलन दोन्ही बाजूंना जातं. म्हणून तार केसभर जास्त ओढून घ्यायची, म्हणजे सा मधोमध राहतो. नोट सोडण्याआधी पाय थोडा मागे. बस्स. या एका जागेचा रियाझ पॅच बदलत बसण्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जातो.

सरकत जाणं म्हणजे स्लाइड मात्र इथे जपून वापरावी. बोट पडद्यांवरून सरकतं तेव्हा ऑसिलेटरला प्रत्येक पडदा वेगळा ऐकू येतो आणि सूर जिन्यानं चढतो. सिंथचा पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) अखंड असतो. म्हणून दोन पडद्यांपर्यंत तार ओढा. त्याहून लांबची मींड हवी असेल तर पिच बेंड पेडलवर द्या.

संथ, आर्त पीससाठी मी दुसरा रस्ता धरतो, जिथे सूर ओळखण्याची भानगडच नाही. बो वेव्ह हा त्यातला तयार मार्ग: पिकचा आघात जातो आणि सूर गजानं ओढल्यासारखा उमलतो. पण हातानं बांधायचं असेल तर आधी फझ (आवाज फाडणारा इफेक्ट), मग लो-पास फिल्टर (वरच्या कंपनांना कापणारा). फझ तारेच्या लहरीची शेंडी आणि बूड सारखंच कापतं, त्यामुळे ती स्क्वेअरच्या जवळ जाते, विषम हार्मोनिक्स वर येतात. त्याच्याआधी स्लो गिअर (नोट हळूहळू वर आणणारा इफेक्ट) टाकलं की आघात लपतो. मशीनला काही ओळखायचंच नसल्यामुळे बोटाची बारीकातली बारीक कणसूर, मुरकी जशीच्या तशी पोचते. मला मनापासून हाच आवाज जास्त आवडतो. ऑसिलेटरचा रस्ता तुटक, चपळ पीससाठी ठेवलेला बरा, तिथे त्याची कडक धार शोभते.

डिले, म्हणजे आवाजाचा पडसाद, लागतोच. १२० च्या लयीला मी ३७५ मिलिसेकंद ठेवतो, रिपीट दोन-तीन, पातळी इतकी कमी की बंद केल्यावरच त्याची उणीव कळावी. कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) अगदी संथ. जुन्या सिंथमध्ये दोन ऑसिलेटर एकमेकांपासून केसभर सुटे असायचे, तो रुंदावा त्यातून येतो. प्रीअँप आणि स्पीकर सिम्युलेशन मात्र या पॅचमध्ये बंद. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळतो आणि सिंथची झळाळी तिथेच असते. डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्यातून) थेट मिक्सरला द्या, आउटपुट सिलेक्ट लाइनवर.

जीके पिकअप, म्हणजे गिटार सिंथसाठीचा खास पिकअप, घ्यावा का, असंही विचारतात. त्यात प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा जातो, कॉर्ड आणि पॅड वाजवायचे असतील तर त्याला तोड नाही. एका तारेच्या लीडसाठी मात्र मी ते पैसे दुसऱ्या एक्सप्रेशन पेडलला देईन आणि ते व्हॉल्यूमला जोडेन. सिंथचे पॅच क्लीन गिटारपेक्षा अंगावर येतात, साउंडवाल्याला प्रत्येक गाण्यात फेडरवर बोट ठेवून बसायला सांगता येत नाही. गायिका अंतऱ्यावर परतली की डावा पाय मागे, एवढंच.