इन्सुलिनची वायल, सिरिंजची टोपी आणि औषध देण्याची शिस्त

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, हा विषय सुरू होतो, आणि त्याच सुमारास नाशिकच्या रुग्णालयांत आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती औषधांचा ट्रे येऊ लागतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम तोवर सर्वांना तोंडपाठ झालेले असतात. मला काळजी वाटते ती या पाठांतराचीच. कारण प्रत्येक नियमामागे औषधशास्त्रातले एक कारण आहे, आणि ते ठाऊक नसेल तर सकाळच्या राउंडच्या धांदलीत नियम पाळायचा राहून जातो.

मात्रेचा नियम समजावताना मी नेहमी इन्सुलिनपासून सुरुवात करते. आपल्याकडे वायलमधले, म्हणजे छोट्या बाटलीतले, इन्सुलिन बहुधा प्रति मिली ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनच्या काडतुसात ते प्रति मिली १०० युनिट असते; त्यानुसार सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, ४० युनिटची लाल टोपीची आणि १०० युनिटची नारिंगी टोपीची. केस पेपरवर २० युनिट लिहिले आहेत आणि ४० तीव्रतेच्या वायलमधून तुम्ही १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढले, तर सिरिंजमध्ये ०.२ मिली, म्हणजे अवघे ८ युनिट येतात. उलट १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने त्याच रेघेपर्यंत ओढले, तर ०.५ मिली म्हणजे ५० युनिट रुग्णाच्या शरीरात जातात आणि त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. दोन्ही वेळा डोळ्यांना दिसणारा आकडा २० हाच असतो. म्हणून वायलवरची तीव्रता आणि सिरिंजवरची तीव्रता एकाच वेळी समोर धरून मोठ्याने वाचावी, आणि शक्य तिथे दुसऱ्या सिस्टरकडून ती तपासून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

वेळेचा नियमही इथेच कळतो. साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनचा परिणाम टोचल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने सुरू होतो आणि २ ते ४ तासांनी तो सर्वाधिक असतो. जेवणाची ट्रॉली वॉर्डात यायला उशीर होणार असेल, किंवा सोनोग्राफीसाठी रुग्णाला उपाशी ठेवलेले असेल, तर इन्सुलिन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. दिल्यानंतर दरदरून घाम, थरथर किंवा गोंधळलेले बोलणे दिसले, तर लगेच साखर तपासावी.

योग्य रुग्ण हा नियम सर्वांना सर्वात सोपा वाटतो. आपल्या जिल्ह्यात तो तसा नाही. सुरगाणा, पेठ या भागांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये गावित, भोये, पवार, चौधरी ही आडनावे वारंवार येतात, आणि एकाच वॉर्डात एकाच आडनावाच्या दोघीतिघी असू शकतात. “गावित मावशी तुम्हीच ना?” असे विचारले की थकलेली, नीट ऐकू न येणारी बाई मान डोलावते. त्याऐवजी “मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं,” असे म्हणावे, आणि ते नाव नोंदणी क्रमांकासह केस पेपरशी ताडून पाहावे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात.

मार्गाच्या बाबतीत पोटॅशियम क्लोराइडइतके गंभीर उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्याच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये, म्हणजे छोट्या सीलबंद कुपीत, साधारणपणे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांची मात्रा मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते, आणि दिसायला ते डिस्टिल्ड वॉटरसारखेच स्वच्छ असते. ते थेट शिरेत टोचल्यास रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदयाचे ठोके बंद पडू शकतात. त्यामुळे ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून आणि हातावरच्या शिरेतून सामान्यतः ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही अशा वेगानेच द्यायचे असते. ही अँप्युल्स इतर इंजेक्शनांपासून वेगळ्या, ठळक लेबल लावलेल्या खणात ठेवावीत. रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीतून, औषध देतानाही आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या किंवा हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या कुटू नयेत. डॉक्टरांना पर्याय विचारावा.

नोंद औषध दिल्यानंतर लगेच करावी, आधी कधीच नाही. ट्रे भरतानाच सह्या उरकून ठेवण्याची सवय मला फार घातक वाटते, कारण रुग्णाने गोळी नाकारली, उलटी केली किंवा तो एक्स-रेला गेलेला असला, तरी कागदावर मात्र औषध दिले गेल्याचे दिसते, आणि पुढच्या पाळीतील सिस्टर त्याच कागदावर विश्वास ठेवते. औषध दिले गेले नाही तर तेही कारण आणि वेळेसह लिहावे, आणि डॉक्टरांना कळवल्याची नोंद त्याखालीच करावी.