रादविलांच्या मागावर: विल्निअस, केदाइन्याय, बिर्झाय

लिथुआनियात गेलात की विल्निअस आणि त्राकाय होतंच. आम्ही नवरा-बायकोने चार दिवस रादविला या लिथुआनियाच्या बलाढ्य सरदार घराण्यासाठी राखून ठेवले होते. पोलिश लोक यांनाच राजिवीव म्हणतात; पाट्यांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

सुरुवात विल्निअसच्या कॅथेड्रलपासून करा. तळघरात या घराण्यातल्या बार्बोरा रादविलाइतेची कबर आहे. सगळ्यांचा विरोध पत्करून पोलंड-लिथुआनियाचा राजा झिगिमांतास आउगुस्तासने तिच्याशी लग्न केलं. डिसेंबर १५५० मध्ये ती राणी झाली आणि मे १५५१ मध्ये गेलीसुद्धा. तिची कबर सापडली १९३१ च्या पुरानंतर. तळघर गाइडबरोबरच दाखवतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून घ्या.

पण एकच ठिकाण बघणार असाल तर केदाइन्यायला जा. काउनासहून ५० किलोमीटर, बसने साधारण तासभर. जुन्या गावातल्या रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंट) चर्चच्या खाली घराण्याचं दफनघर आहे. धातूच्या सहा नक्षीदार शवपेट्या. सर्वांत मोठी योनुशास रादविलाची. १६५५ मध्ये एकीकडून मॉस्कोचं सैन्य, दुसरीकडून स्वीडिश. त्याने याच गावात पोलंडची साथ सोडून स्वीडनशी करार केला. पोलंडमध्ये त्याला आजही गद्दार म्हणतात. वर्ष सरायच्या आतच तो वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात मेला. शेजारी आजोबा क्रिस्तुपास, ‘पेर्कूनास’ म्हणजे वज्र या नावाने गाजलेला सेनापती. आणि चार पेट्या योनुशासच्या भावंडांच्या, लहानपणीच गेलेल्या. त्यातली सर्वांत छोटी दोन पावलांत संपते. बायको तिथून बराच वेळ हलली नाही. एवढी सत्ता, एवढ्या जमिनी, आणि घरात चार लेकरं गेलेली; मला तर करारापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.

आत गारठा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट न्या. चर्च रोज उघडं असेलच असं नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी गावच्या संग्रहालयात चौकशी करा. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.

रादविलांचा बिर्झायचा किल्ला स्वीडिशांनीच १७०४ मध्ये उडवला. आजचा वाडा नव्याने बांधलेला आहे, आत संग्रहालय आहे. त्यांचा न्यास्विझचा प्रसिद्ध राजवाडा मात्र बेलारूसमध्ये येतो, तिथे शेंगेन व्हिसा चालत नाही.

बिर्झायला मुक्काम करा. रादविलांनी बांध घालून केलेल्या शिरवेना तलावावर ५२५ मीटरचा लाकडी पूल आहे. संध्याकाळी आम्ही तो दोनदा चाललो.