माळकरी आईला घेऊन ओसाकात जेवताना: माझा अनुभव

ओसाका हे जपानातलं खाणाऱ्यांचं शहर आहे. मासे, मटण, अंडी खाणाऱ्या माणसाला तिथे कुठे जेवायचं हा प्रश्न पडत नाही, किती जेवायचं हा पडतो. पण माझी आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून तिने मासळी सोडली, अंडंही सोडलं. मी मात्र अलिबागकडची म्हणून जन्मले ती तशीच राहिले. माझं ऑफिसचं काम निघालं, तेव्हा आईलाही सोबत न्यायचं ठरवलं. ती लगेच म्हणाली, "तू खुशाल खा गं तिकडचं. मी खोलीवर दशमी आणि चटणी खाईन." ते मला अजिबात मान्य नव्हतं. एवढ्या लांब जायचं आणि तिने हॉटेलच्या पलंगावर बसून डबा खायचा? दोघींनी एका टेबलावर बसून गरम जेवायचं, एवढंच मी डोक्यात पक्कं केलं. बाकी सगळी तयारी त्यासाठीच केली.

अडचण समोरच्या ताटात दिसत नाही, ती पाण्यात असते. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ, स्वच्छ रस. ओसाकात तो कोम्बु नावाच्या समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्यांपासून करतात. हा कोम्बु उत्तरेच्या होक्काइदोत होतो. जुन्या काळी मालाची गलबतं पश्चिम किनाऱ्याने तो ओसाकाकडे आणत. व्यापाऱ्यांचं शहर असल्यामुळे तो इथे मुबलक मिळाला आणि इथल्या जिभेला त्याची सवय लागली. इथपर्यंत आईला चालण्यासारखं आहे. पण बहुतेक वेळा त्यात कात्सुओबुशी पडते, म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावर वाळवून, लाकडासारखा कडक करून किसलेला कीस. आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेला भोपळा, पालकाची कोशिंबीर, भज्यांसोबतची पातळ चटणी, सगळीकडे तो असतो. त्यामुळे "भाजीचं आहे ना?" असं विचारलं तर समोरचा माणूस प्रामाणिकपणे हो म्हणतो. त्याच्या लेखी ती भाजीच असते.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. पुण्यात जपानी शिकणारी मुलं घरोघरी सापडतील, तेव्हा तुमच्याही ओळखीत कुणी ना कुणी असेलच. तिच्याकडून मी एक कार्ड लिहून घेतलं. त्यात "शाकाहारी" एवढंच लिहून भागत नाही, हे तिनेच सांगितलं. मग कार्डावर सगळं सुटं सुटं आलं: माझी आई धार्मिक कारणाने मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-खेकडे आणि अंडं खात नाही. कात्सुओबुशी किंवा इतर माशाची दाशीही चालत नाही. कोम्बुची आणि शिताके मश्रूमची दाशी चालते. दूध चालतं. काही जमत नसेल तर निःसंकोच सांगा, आम्ही दुसरीकडे जाऊ. हे शेवटचं वाक्य भाचीने मुद्दाम घातलं होतं आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. तिथे लोकांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं. आपणच वाट मोकळी करून दिली की ते खरं सांगतात. कार्ड दारातच दाखवायचं, टेबलावर बसून पाणी आल्यावर नाही. काही ठिकाणी आचारी आतून बाहेर आला, कार्ड दोनदा वाचलं आणि हात जोडल्यासारखं करून नाही म्हणाला. मला त्या नकाराबद्दल आदरच वाटला. तो खोटं बोलून आईला मासा घालू शकला असता.

दोतोंबोरी या ओसाकाच्या गजबजलेल्या भागाबद्दल फार लिहीत नाही. कालव्याकाठची रोषणाई आणि भिंतीवरचा हलणारा अवाढव्य खेकडा एकदा बघावाच. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे तुकडे घातलेले गरम गोळे, मी तिथे उभ्याने खाल्ले. ते ओसाकाचंच लेकरू आहे, 1930 च्या दशकातलं. चव छान, पण रांगा लांब आणि आईला तिथे काहीच नाही. कुरोमोन बाजाराचंही तसंच. मासळीबाजार म्हणून तो सुंदर आहे, पण आता तिथले भाव पाहुण्यांचे झाले आहेत. मासळी खायची असेल तर शहरातल्या नांबा स्टेशनापासून चालत जाता येईल अशा किझू या घाऊक बाजारात सकाळी लवकर जावं. तिथल्या छोट्या खानावळीत मी भात, मिसो सूप आणि कच्च्या माशाचे जाड काप असा नाश्ता केला. आई तेव्हा हॉटेलवर तिच्या हरिपाठात होती.

आता ज्याने आमचं खरं काम झालं त्याबद्दल. जपानी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्याचा बाजार असतो. त्याला देपाचिका म्हणतात. उमेदा स्टेशनाला लागून हांक्यू आणि हानशिन अशी दोन मोठी दुकानं आहेत. दोन्हींची तळघरं बघायला एक संध्याकाळ कमी पडते. काचेच्या कपाटांमागे शेकडो पदार्थ मांडलेले, प्रत्येकाची किंमत समोर. मुख्य म्हणजे पाकीटबंद मालावर घटकांची यादी असते. फोनचा कॅमेरा त्यावर धरला की भाषांतर दिसतं. जपानात काही ठरावीक घटक पाकिटावर लिहिणं सक्तीचं आहे: अंडं, दूध, गहू, बकव्हीट (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड वगैरे. मासा त्या सक्तीच्या यादीत नाही, त्यामुळे तेवढी चौकट बघून थांबू नये. पूर्ण यादी वाचावी आणि "कात्सुओ" शोधावं.

तिथे आईला पहिल्यांदा पोटभर मिळालं ते सेकिहान. चिकट तांदूळ आणि अझुकी नावाची लाल, चवळीएवढी कडधान्यं एकत्र वाफवतात, वरून तीळ आणि मीठ. जपानात शुभकार्याला करतात. ते बहुधा मिठायांच्या दुकानात मिळतं. आईला ते इतकं आवडलं की पुढे ती दुरूनच त्याचा गुलाबी रंग ओळखायला लागली. सोबत थंड तोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, आणि गोड म्हणून दाइफुकु, म्हणजे लाल कडधान्याचं सारण भरलेले चिकट तांदळाचे मऊ गोळे. दुकान बंद होण्याच्या आधी तास-दीड तास गेलं तर तयार पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात होते, कधी वीस टक्के, कधी थेट निम्मी किंमत. फक्त बसायला जागा नसते, आणि रस्त्याने खात चालणं तिथे बरं दिसत नाही. सगळं बांधून हॉटेलवर न्यावं. बांधून नेल्यावर कर आठ टक्के लागतो, दुकानात बसून खाल्लं तर दहा. 2019 च्या ऑक्टोबरपासून तसा नियम आहे, म्हणून काउंटरवर इथे खाणार की नेणार हे हमखास विचारतात.

दुपारी कामाच्या मधल्या वेळात मी एकटी जेवायचे. दाराशी यंत्र असलेल्या उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, दुकानांवर माझा जीव जडला. आधी यंत्रात पैसे घालायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. कित्येक यंत्रं आजही फक्त रोख घेतात, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ ठेवाव्यात. आपल्या हिशेबाने एक नोट साडेपाचशे-सहाशे रुपयांची, आणि त्यात साधं जेवण होऊन जातं. कित्सुने उदोन हा पदार्थ ओसाकाचाच: जाड, मऊ शेवया, फिका सोनेरी रस आणि वर गोडसर मुरवलेल्या तळलेल्या तोफूचा मोठा तुकडा. मिनामी-सेंबा भागातलं उसामितेई मात्सुबाया हे 1893 मध्ये सुरू झालेलं दुकान त्याचं मूळ मानतात. रस शेवटच्या घोटापर्यंत प्यावा, वाडगा उचलून. दिसायला तो पूर्ण शाकाहारी आहे आणि आईला नेमका तोच चालत नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटायची.

थकून आल्यावर शोधाशोध करायचं त्राण नसतं, तेव्हा कोको इचिबान्या या करीच्या साखळी दुकानांनी हात दिला. त्यांच्या बऱ्याच शाखांमध्ये प्राण्यांपासूनचे घटक न घालता केलेली वेगळी शाकाहारी करी असते. भात किती ग्रॅम हवा, तिखटाची पातळी किती, वर वांगं घालायचं की पालक, सगळं आपण सांगायचं. चव आपल्या आमटीची नाही, जरा गोडसर आणि दाट, पण ताट गरम आणि दोघींचं एकाच टेबलावर. शाखेत शिरण्याआधी शाकाहारी करी आहे का ते विचारावं, कारण सगळीकडे नसते.

ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावर भाजलेली कोबीची जाड पोळी, मात्र मला आईला खाऊ घालायचीच होती. ओसाकात येऊन तव्यासमोर बसायचं नाही, हे पटेना. पण ओकोनोमियाकीचं पीठच मुळात दाशीत भिजवतात, त्यात अंडं, वर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, सॉसमध्ये मांसाचा किंवा शिंपल्यांचा अर्क, आणि सगळ्यावर कात्सुओबुशी. आयत्या वेळी जाऊन काही होण्यासारखं नव्हतं. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीला कार्ड दाखवलं आणि तिने आदल्या दिवशी फोन करायला सुरुवात केली. काही दुकानांनी नम्रपणे नाही म्हटलं. तेन्जिनबाशीसुजी या अडीच किलोमीटरहून लांब बाजाररस्त्याजवळचं एक छोटं दुकान मात्र तयार झालं. गर्दी नसताना, संध्याकाळी पाचला या, असं त्यांनी कळवलं.

दुकानाच्या मालकीणबाई आईच्याच वयाच्या. त्यांनी आधी तव्याचा एक कोपरा उलथन्याने खरवडून, पुसून स्वच्छ केला आणि आईला बोलावून दाखवला. मग ताजं पीठ साध्या पाण्यात कालवलं, त्यात किसलेलं डोंगरी कंद घातलं. अंड्याशिवाय पीठ त्यानेच धरून राहतं. भरपूर कोबी, कांद्याची पात, मक्याचे दाणे. सॉसऐवजी सोया सॉस आणि मीठ. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, हे तर कोबीचं धिरडंच!" मी तिथेच बसून माझी नेहमीची, मासा-मांस सगळं असलेली खाल्ली. एक तवा, दोन कोपरे, आणि मधे मालकीणबाई. एवढ्यासाठीच मी सगळा खटाटोप केला होता. तिथे टीप देत नाहीत, म्हणून आईने पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवले. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले.

मधेच कार्तिकी एकादशी आली. पंढरपूर इतकं दूर आणि उपास कसा व्हायचा, याची आईला काळजी होती. जपानात तो भाजलेल्या रताळ्यांचा हंगाम असतो. सुपरमार्केटच्या दाराशीच गरम खड्यांवर अख्खी रताळी भाजत ठेवलेली असतात, वास रस्त्यापर्यंत येतो. बेनी हारुका जातीचं घ्यावं, आत मधासारखं ओलं आणि गोड निघतं. दोन-तीनशे येनमध्ये एवढं मोठं की एका माणसाचा उपास सहज निघावा. दूध, केळी आणि त्या दिवसांत भरपूर असलेली पर्सिमन ही केशरी फळं होतीच.

माझं काम संपल्यावर आम्ही कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावी, गेलो. नांबाहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत आणि पुढे डोंगर चढणाऱ्या केबल कारने, जेमतेम दोन तासांचा प्रवास. कूकाई या भिक्षूने नवव्या शतकात हे स्थान वसवलं. आज तिथे पन्नासेक मंदिरांत राहायची सोय आहे. खर्च माणशी दहा हजार येनच्या वर जातो, पण त्यात दोन्ही वेळचं जेवण येतं, आणि ते जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठाचं. त्यात मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. कांदा आणि लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आईला हे ऐकून जो आनंद झाला! दाशी कोम्बु आणि शिताकेची. आरक्षण करताना मी तरीही कार्डाचा मजकूर पाठवला, आणि चिंता नसावी असं उत्तर आलं.

जेवण संध्याकाळी साडेपाचलाच. चटईवर बसायचं, समोर लाखेचे छोटे लाल चौरंग, त्यावर वाट्याच वाट्या. तीळ वाटून कुडझू नावाच्या कंदाच्या पिठात घट्ट केलेला गोमा-दोफू, भाज्यांची हलकी भजी, लोणची, सूप, भात. आणि कोया-दोफू, गोठवून वाळवलेला तोफू, जो रसात शिजवला की स्पंजासारखा रस धरतो. तो याच डोंगराच्या नावाने ओळखला जातो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आईने एकही वाटी उचलून "यात काय आहे गं?" असं विचारलं नाही. सगळं सावकाश, पानात काही न टाकता खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पूजेलाही जाऊन बसली.

शाकाहारी माणसाला घेऊन जाणार असाल तर कोयासानचा मुक्काम प्रवासाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगते. तिथे चांगली शाकाहारी दाशी चाखली की शहरात काय मागायचं ते नीट कळतं. येताना कोया-दोफूची पाकिटं जरूर आणा. वाळवलेला असल्यामुळे तो वजनाला काहीच नाही आणि महिनोन्‌महिने टिकतो. आई तो गोडा मसाला घालून रश्श्यात करते. फक्त विकत घेताना बघा, काही पाकिटांत रस करायची छोटी पुडी सोबत असते आणि तिच्यात मासा असतो. पुडी नसलेलंच पाकीट घ्या.