तिथीला पाऊण लावायची

दाभोळच्या धक्क्याजवळ माझं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबाराचे उतारे, मुलांच्या प्रोजेक्टच्या प्रिंटा. धोपाव्याला जाणारी फेरीबोट दुकानात बसून दिसते. दोन वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एक बाई आधारकार्डाची झेरॉक्स काढायला थांबल्या होत्या. बोटीची वाट बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "उद्या भरती किती वाजता आहे हो?" मला सांगता येईना. माहेर गुहागरचं, सासर इथलं, सगळा जन्म पाण्याच्या काठाने गेला. तरी मी मोबाईल काढला आणि शोधायला लागले. तेवढ्यात बोट लागली आणि त्या निघूनही गेल्या.

रात्री जेवताना सासूबाईंना हे सांगितलं. त्यांना सत्तरी उलटून गेली, तरी अजून खाडीत कालवं काढायला जातात. त्या म्हणाल्या, "अगो, त्यात काय कठीण? तिथीला पाऊण लावायची." म्हणजे चौथ असली तर चारचे पाऊणपट तीन, तीन वाजता भरती. आठम असली तर सहा. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. सासूबाई चौथी शिकल्या आहेत, पण पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, त्यांना अजून तोंडपाठ आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी काही अडाणी नाही. बारावी झालेय आणि रोज रात्री तासभर मोबाईलवर माहितीचे व्हिडिओ बघते: अंतराळ, ज्वालामुखी, बचतीचे हिशेब, काय काय. एकदा नववीतल्या मुलीने विचारलं होतं, "आई, तू काल ज्वालामुखीचं बघत होतीस, मला सांग ना." मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. बघताना सगळं कळत होतं, सांगायला गेलं तर हाती काही नव्हतं.

त्याआधी शिकण्याचे संकल्पही करून झाले होते. एका पाडव्याला फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं: सोमवारी-गुरुवारी इंग्रजी, मंगळवारी एक्सेल, शनिवारी मोडी लिपी. बारा दिवस चाललं. मग पर्यटक सुरू झाले, जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म आले, आणि वेळापत्रकावर दूधवाल्याचा हिशेब लिहिला गेला. आता वाटतं, त्यातला एकही विषय माझ्या दिवसातून आलेला नव्हता. सगळे बाहेरून आणून लावलेले होते.

भरतीचा प्रश्न मात्र दारात उभा होता. म्हणून शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले: तिथी, अंदाज, प्रत्यक्ष, फरक. सकाळी दुकान उघडलं, देवाला उदबत्ती लावली, झेरॉक्स मशीन चालू केलं की ते गरम व्हायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात कालनिर्णय बघून अंदाज लिहायचा. पेनने लिहायचा हा नियम मी आठवड्याभरातच केला, कारण पेन्सिलने लिहिलं की नंतर खोडून बरोबर करण्याचा मोह होतो. खोडलेला अंदाज काही शिकवत नाही.

प्रत्यक्ष वेळ पकडणं मला वाटलं होतं त्यापेक्षा फार अवघड निघालं. भरती पूर्ण झाली की पाणी बराच वेळ थबकल्यासारखं राहतं. नेमकं भरलं कधी, हे उभं राहून बघितलं तरी कळत नाही. पहिले दहा दिवस माझे आकडे नुसते अंदाजपंचेच होते. मग एक युक्ती सुचली. धक्क्याच्या पायऱ्या आहेत. चढतं पाणी एखाद्या पायरीला टेकतं ती वेळ लिहायची, उतरताना त्याच पायरीवरून सुटतं ती वेळ लिहायची, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. एका पुनवेला पाणी पाचव्या पायरीला टेकलं १०.४० ला आणि सुटलं १२.२० ला. मध्य आला ११.३०. तो आकडा मी वहीत लिहिला तेव्हा माझा हात खरंच थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट कुणाला न विचारता, कुठे न वाचता, मोजून काढली होती.

पाऊणकीने पुनवेची भरती सव्वाअकराला यायला हवी होती. म्हणजे पाव तासाची चूक. पण दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, हिशेबाने पाऊण वाजता येणारी भरती सव्वाबाराच्या आतच होऊन गेली. पुढे हा फरक वाढतच गेला. पंचमीला पावणेचार यायला हवे होते, आणि पाणी तीनच्या आधी भरलेलं. मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकतंय. पण आठम उलटल्यावर फरक भराभर कमी झाला आणि एकादशीला अंदाज जवळजवळ जुळला. पुढच्या पक्षात पुन्हा तेच. तीन पक्ष झाल्यावर माझी खात्री पटली की चूक माझी नाही, यात काहीतरी कारण आहे.

कारण शोधायला मला महिना लागला, आणि तो महिना मला फार प्रिय आहे. आधी साधा हिशेब. एका पक्षाच्या पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा एक फेरा, म्हणजे बारा तास पूर्ण करते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटं कमी पडतात, पंधरा तिथींची मिळून ४५ मिनिटं. म्हणून तर पुनवेचे बारा न येता सव्वाअकरा येतात! हे मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडलं आणि समोर उभ्या गिऱ्हाइकालाच समजावून सांगितलं. बिचारे कौतुकाने ऐकत राहिले.

दुसरं म्हणजे जागा. मुंबईला पुनवेची भरती बाराच्या सुमारास येते, आमच्याकडे त्याच्या आधी. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत उशिरा कळली. भरती रोज सारखी मागे पडत नाही. चंद्राबरोबर सूर्यही पाणी ओढतो. पुनव-आवसेला दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण येतं, आणि त्या दिवसांत भरती रोज थोडी थोडीच मागे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, तेव्हा एकेका दिवसात तासाहून जास्त सरकते. माझ्या फरकाच्या रकान्यात हेच उमटलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं, एवढंच.

सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी कालवांना जाते ती सुकतीला, पाणी उतरल्यावर. मला अर्धा तास इकडेतिकडे चालतो. अठ्ठेचाळीसने तोंडी गुणशील का तू?" हे मी वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय. तो हिशेब चुकीचा नव्हता. पाण्यात उतरणाऱ्या माणसाला डोक्यातल्या डोक्यात करता यावा, इतकाच तो अचूक ठेवलेला होता.

मुलगी म्हणायची, भरतीच्या वेळा मोबाईलवर मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला? मिळतात, आणि आता मी त्याही बघते. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतं, हेही मला याच खटाटोपात कळलं. पण अंदाज लिहून झाल्यावरच बघते. आधी उत्तर बघितलं की ते डोळ्यांवरून सरकून जातं. आधी आपण काहीतरी म्हटलेलं असलं, आणि ते चुकलं, की चूक दिवसभर टोचत राहते. मला वाटतं, माझं शिकणं त्या टोचण्यातूनच झालं. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी धडा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. हे वाचलं तेव्हा मला माझ्या रात्रीच्या व्हिडिओंचा उलगडा झाला.

वहीचं जमलं म्हटल्यावर दुकानातलं काम घेतलं. मी वर्षानुवर्षं उतारे छापून देते आणि त्यावरचे निम्मे शब्द मला कळत नव्हते. एक आजोबा सातबारा घेऊन आले आणि विचारलं, "पोरी, हा पोटखराबा म्हणजे काय गं? माझी जमीन खराब आहे म्हणतायत का?" मी म्हटलं, तलाठ्यांना विचारा. ते गेल्यावर फार लाज वाटली. त्या दिवसापासून रोज समोर येणाऱ्या कागदावरचा एक शब्द घ्यायचा, असं ठरवलं: फेरफार, कूळ, आकार, आर.

हे शब्द लक्षात राहावेत म्हणून पेढ्यांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. ही रीत लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची. आपण किती झपाट्याने विसरतो हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं, आणि विसरायच्या आत आठवलं की गोष्ट पक्की बसते.

पोटखराब्याचीच चिठ्ठी सहा वेळा मागे आली. पोटखराबा म्हणजे जमिनीतला लागवडीखाली न येणारा भाग, पण त्याच्या वर्ग अ आणि वर्ग ब यांत माझी गल्लत व्हायची. शेवटी एका रविवारी आमच्याच जमिनीवर गेले. वरच्या अंगाला कातळ आहे, तिथे काही पिकत नाही, तो अ. खालून स्मशानाकडे जाणारी वाट गेलीय, ती सगळ्या गावाची, ती ब. त्यानंतर ती चिठ्ठी चुकली नाही. आजोबा पुन्हा आले तेव्हा त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या उताऱ्यावर बोट ठेवून नीट समजावलं. जमीन वाईट ठरवलेली नाही, कातळ वेगळा काढलाय, हे कळल्यावर त्यांचा चेहरा सुटला.

खंड पडले नाहीत असं नाही. गणपतीत घरात चाकरमानी मिळून अठरा माणसं होती, वही बारा दिवस उघडली नाही. आधीच्या संकल्पांच्या वेळी मी अशा ठिकाणीच सोडून द्यायचे, कारण राहिलेलं भरून काढायला बसायचे आणि त्या ओझ्याने दमायचे. या वेळी त्या बारा ओळी कोऱ्या सोडल्या आणि तेराव्या दिवशी मशीन गरम होताना त्या दिवसाचा अंदाज लिहिला. कोऱ्या ओळी अजून तशाच आहेत.

सध्या एका नव्या प्रश्नावर अडले आहे. आषाढात उधाणाची दिवसाची भरती वरची पायरी भिजवायची, रात्रीची मात्र तिच्या खालीच राहायची. दोन्ही भरत्या एकाच दिवसाच्या, मग एक मोठी आणि एक लहान का? माझा अंदाज असा की थंडीत हे उलटं होईल, रात्रीची मोठी आणि दिवसाची लहान. पेनने लिहून ठेवलंय. ताडून बघायचं तर पौषातल्या पुनवेला रात्री साडेअकराला धक्क्यावर उभं राहावं लागेल. बॅटरी घेऊन मी येईन, असं मुलीने आत्ताच सांगून ठेवलंय.