तारण

रविवार, रात्री साडेदहा

उपासनेनंतर तरुण संघात बोलायचं होतं: सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, कशी सांगावी. बोलले. बायबलमधलं योहान 3:16, पाप, क्रूस, तारण, सगळं क्रमानं. पोरांनी माना डोलावल्या. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या पोरांना ते जन्मजात येतं.

संध्याकाळी शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर टेकले. त्या बीड्या वळत होत्या. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. बोलताना हात थांबत नाहीत. मागच्या गल्लीत मागांची खडखड.

"पोरांना काय सांगितलाव ओ ताई?"

"येशूनं आपलं तारण केलं, ते."

"तारण? कुठल्या बँकेत?"

हसू आलं, पण चूक त्यांची नव्हती. मी स्वतः एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते. सोमवार ते शनिवार तारण म्हणजे गहाण दागिना, आणि रविवारी तोच शब्द म्हणजे मुक्ती. इतक्या वर्षांत मला हे खटकलंच नाही. मार्क 10:45 मध्ये तर येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. हल्ली हा शब्द पेपरात कुठल्या पानावर असतो, सांगायला नको.

ना. वा. टिळकांना हे उमगलं होतं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात घेऊन आला. आम्ही मात्र मंडळीची भाषा तशीच बाहेर नेतो, आणि लोकांना ती कळत नाही म्हणून लोकांसाठी प्रार्थना करतो!

"म्हणजे चांगलं वागा, देव भलं करतो. तेच ना? ते आमच्यात पण हाय की."

तेच नाही. तो उपदेश झाला. सुवार्तेत वार्ता आहे: काहीतरी घडलंय. करिंथकरांना सुवार्तेची आठवण देताना (1 करिंथ 15) प्रेषित पौल 'असं वागा'पासून सुरुवात करत नाही. ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे शिष्य पेत्राला, दिसला. वागणं त्यामागून येतं.

मग मी तारणच धरलं. "समजा, तुमच्या पाटल्या गहाण आहेत. व्याज चढलंय, लिलावाची नोटीस आलीय. आणि दुसऱ्याच कुणी सगळी रक्कम भरून त्या सोडवल्या."

अक्कांचा हात थांबला. त्यांच्या पाटल्या खरंच गहाण आहेत, थोरलीच्या लग्नापासून. आमच्याकडं नाहीत, पण मला ठाऊक होतं. तोंड उघडण्याआधी आठवायला हवं होतं.

"भरणाऱ्याचं काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"जीव."

बराच वेळ त्या सुपातली पानं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पावती कुणाकडं हाय?"

पावतीशिवाय दागिना हातात मिळत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच पक्कं माहीत. मला उत्तर सुचेना. त्या चहा टाकायला आत गेल्या.

घरी येऊन पवित्र शास्त्र घेऊन बसले. इफिस 1:14 : पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा 'विसार' आहे. विसार! जागेचा व्यवहार ठरला की हातावर ठेवतात तो. लहानपणापासून ही ओळ वाचतेय आणि हा शब्द मी चक्क ओलांडून जात होते.

उद्या कामावर जाताना अक्कांना सांगते. त्या विचारणारच, किती दिलाय?