तुम्ही विचारलंत म्हणून: बस ‘ती’, मग ट्रक ‘तो’ कसा?

मराठी शिकणारे, त्यातही हिंदीतून येणारे, हे हमखास विचारतात: इंग्रजीत बसला लिंग नाही, मग मराठीत ती ‘आली’ हे ठरवलं कुणी? बसून असं कुणीच ठरवलं नाही. पण आला-आली-आलं यांतलं एक निवडल्याशिवाय मराठी वाक्य पुढं सरकत नाही, म्हणून बोलणारे निवडतात.

आधी शब्दाचा शेवट बघा. शेवटी ‘आ’ असेल तर बहुतेक वेळा ‘तो’: सोफा, कॅमेरा, पिझ्झा. हे शब्द पुढं घोड्यासारखेच चालतात: सोफे, सोफ्यावर, कॅमेऱ्यात. शेवटी ‘ई’ असेल तर सहसा ‘ती’. म्हणून चहा झाला, पण कॉफी झाली. मूळ भाषेतल्या लिंगाला इथं कुणी विचारत नाही. पोर्तुगीजमध्ये बटाटा स्त्रीलिंगी आणि बादलीचा मूळ शब्द पुल्लिंगी; मराठीत दोघांची अदलाबदल झाली. फारसीच्या व्याकरणात तर लिंगच नाही, तरी तिथून आलेला बाजार तो, जमीन ती आणि दुकान ते. अपवाद आहेतच: रिक्षा ती, टीव्ही तो.

शेवटी व्यंजन ऐकू येत असेल तर जवळचा मराठी शब्द मदतीला येतो. बस, कार, ट्रेन या गाड्या, म्हणून त्या ‘ती’. ‘-इंग’वाल्या शब्दांत हे छान दिसतं. मीटिंग झाली, कारण बैठक किंवा सभा. बिल्डिंग पडली, कारण इमारत. पण ट्रेनिंग झालं, शूटिंग झालं, कारण प्रशिक्षण आणि चित्रीकरण. ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो मात्र गाड्या असूनही ‘तो’. तिथं नियम हात टेकतो, पाठच करावं लागतं.

हिंदी भाषकांची गाडी अडते ती नपुंसकलिंगावर. हिंदीत ते नाहीच, म्हणून ‘ऑफिस उघडला’, ‘तिकीट मिळाला’ असं ऐकू येतं. दुसरी चूक जोडक्रियापदात होते. ‘कॅन्सल’चं लिंग शोधत बसू नका, नामाकडे बघा: प्लॅन कॅन्सल झाला, मीटिंग कॅन्सल झाली, तिकीट कॅन्सल झालं.

लिंग कळलं तरी सुटका नाही. बँक आणि फाइल दोन्ही ‘ती’. पण बँक वाटेसारखी चालते (बँका, बँकेत), तर फाइल भिंतीसारखी (फायली, फायलीत). बसची तर पंचाईतच. ‘बशीत’ म्हटलं की लोक चहा ओततील! म्हणून बसमध्ये, आणि अनेकवचनही इंग्रजी धाटणीचं: बसेस. जुने रुळलेले शब्द प्रत्यय अंगावर घेतात: कोर्टात, टेबलावर. नव्या शब्दाबद्दल शंका असेल तर सरळ ‘मध्ये’ लावा, कुणी हसणार नाही.

आणि ई-मेल? निरोप मनात असला तर आला, चिठ्ठी असली तर आली, पत्र असलं तर आलं. तिन्ही ऐकू येतात आणि माझ्या मते तिन्ही चालतात. फक्त एकाच मजकुरात तिन्ही नकोत.